झऱ्यांचे केसपेपर लिहिणारे ओल्डहॅम

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात उनकेश्वर आहे. तिथल्या कुंडात जमिनीतून गरम पाणी येते. शरभंग ऋषींना त्वचारोग जडला होता आणि रामाने बाण मारून त्यांच्यासाठी हा झरा काढला, अशी कथा सांगितली जाते. खरूज, गजकर्ण, सोरायसिसने त्रासलेली माणसे आजही तिथे अंघोळीला जातात. गरम, गंधकयुक्त पाण्याने खाज काही काळ कमी होते, हे खरे. कुष्ठरोग मात्र त्याने जात नाही. त्याला सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळ्यांचा सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्सच पूर्ण करावा लागतो, एवढे जाता जाता.

अशा झऱ्यांबद्दल आणखी एक प्रश्न विचारला जातो आणि तो जास्त भीतीचा असतो. पाणी गरम आहे म्हणजे खाली ज्वालामुखी आहे काय? लातूरकडे हजार फूट खोल बोअरमधून कोमट पाणी आले की हीच चर्चा सुरू होते. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीला जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, २०२४ मध्ये हिंगोलीच्या धक्क्यांनी नांदेडची घरे हलली. किल्लारी पाहिलेल्या पिढीला अशा वेळी झोप लागत नाही आणि त्यात नवल काही नाही.

या भीतीला उत्तर द्यायचे तर अंदाज उपयोगाचा नाही, नोंदी लागतात. भारतातल्या गरम झऱ्यांच्या आणि भूकंपांच्या अशा नोंदी एकत्र करून छापणाऱ्या माणसाचे नाव रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम. शाळेच्या भूगोलात पृथ्वीचे कवच, प्रावरण आणि गाभा शिकवतात, त्यातला गाभा भूकंपाच्या लहरींवरून दाखवून देणारे ते हेच. जगात त्यांची ओळख त्या गाभ्यामुळे आहे. त्यांची सुरुवात मात्र झऱ्यांच्या एका अर्धवट यादीपासून झाली आणि ती यादीही त्यांची नव्हती, वडिलांची होती.

वडील थॉमस ओल्डहॅम हे १८१६ मध्ये डब्लिनला जन्मलेले आयरिश भूवैज्ञानिक. १८५१ मध्ये ते कलकत्त्याला उतरले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची घडी त्यांनी बसवली. सरकारला त्यांच्याकडून हवा होता कोळसा, कारण आगबोटी होत्या आणि रेल्वे येऊ घातली होती. काम जिवावरचे होते. त्यांच्या आधी कोळसा शोधायला आलेले डेव्हिड विल्यम्स १८४८ मध्ये जंगलातल्या तापाने गेले होते. हा ताप बहुतेक वेळा हिवतापच असे, पण तो डास पसरवतात हे कळायला अजून जवळपास पन्नास वर्षे होती. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तो १८९७ मध्ये, आपल्या नांदेडहून रेल्वेने जाता येते त्या सिकंदराबादेत.

कोळशाच्या मागे धावताना थॉमस यांनी दोन गोष्टींच्या नोंदी जमवायला घेतल्या. एक, भारतात आजवर झालेले भूकंप. दोन, भारतातले गरम पाण्याचे झरे. यातून सरकारला एक पैसाही मिळणार नव्हता. १८६९ च्या जानेवारीत आसामातल्या काचारला मोठा भूकंप झाला, तेव्हा त्याची पाहणीही त्यांनी केली. पण खात्याचा कारभार, अहवाल, नकाशे, जीवाश्मांची वर्णने यांच्या धबडग्यात हे तिन्ही लिखाण मागे पडत गेले. १८७६ मध्ये थॉमस निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि दोनच वर्षांत, जुलै १८७८ मध्ये, रग्बी इथे वारले. कागद तसेच राहिले.

रिचर्ड तेव्हा जवळजवळ वीस वर्षांचे होते. १८५८ चा त्यांचा जन्म. रग्बीची शाळा, मग लंडनचे रॉयल स्कूल ऑफ माइन्स असे शिक्षण झाले आणि वडील गेल्यानंतर वर्षभराने, १८७९ मध्ये, ते वडिलांच्याच खात्यात रुजू झाले. नव्या नोकरीत आलेल्या तरुणाने स्वतःचे नाव होईल असे काही शोधावे, ही साधी अपेक्षा असते. रिचर्ड यांनी आधी वडिलांचे कागद नीट लावायला घेतले. १८८२ मध्ये काचारच्या भूकंपाचा अहवाल आणि भारतातल्या गरम झऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली, १८८३ मध्ये भूकंपांची सूची आली. ही सूची अगदी जुन्या काळापासून १८६९ च्या अखेरपर्यंतची आहे. झऱ्यांच्या यादीत तीनशेच्या आसपास ठिकाणे होती. हे काम छापून आले तेव्हा रिचर्ड पंचविशीत होते, आणि लेखक म्हणून नाव वडिलांचे होते.

अशी यादी करणे म्हणजे काय, हे सरकारी रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. रुग्ण येतो, ताप मोजला जातो, आकडा केसपेपरवर लिहिला जातो. तो एकच आकडा हाती असेल तर डॉक्टर फार काही सांगू शकत नाही. सकाळचा, दुपारचा, रात्रीचा, कालचा आणि परवाचा असे आकडे ओळीने दिसले की ताप चढतो आहे की उतरतो आहे, रोज येतो की दिवसाआड येतो, हे कळते. टायफॉइड आणि हिवताप यांत फरक करायला पूर्वी हाच तक्ता कामी यायचा. शिवाय ताप काखेत मोजला की तोंडात, हेही लिहिलेले असावे लागते, नाहीतर एका अंशाचा घोळ होतो. झऱ्यांचेही तसेच असते. कोणी तोंडाशी मोजतो, कोणी कुंडात. कोणी मे महिन्यात जातो, कोणी श्रावणात, जेव्हा पावसाचे गार पाणी आत मिसळलेले असते. जुन्या प्रवाशांनी, लष्करी सर्जनांनी, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या उपकरणांनी घेतलेले आकडे कोणाचे आणि कधीचे आहेत यासकट मांडून ठेवले, तरच पन्नास वर्षांनी तिथे जाणाऱ्याला तुलना करता येते.

आता जमिनीतल्या पाण्याच्या तापमानाचा मुद्दा. आपल्याकडे विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते. प्रत्यक्षात ते फारसे बदलत नाही, बदलते ती बाहेरची हवा. वीसेक मीटर खाली गेले की ऋतूंचा परिणाम जवळपास संपतो आणि पाण्याचे तापमान त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिर राहते. त्याहून खाली मात्र पृथ्वीच्या आतली उष्णता जाणवू लागते. साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस अशी वाढ होत जाते. म्हणजे वर जमिनीजवळ २७ अंश असेल तर तीनशे मीटरवर, आपल्या भाषेत हजार फुटांवर, पाणी ३५ अंशांच्या जवळ असणारच. लातूरच्या खोल बोअरमधून येणारे कोमट पाणी हा एवढाच हिशेब आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या शहराने किती खोल खणले आहे, हे त्या कोमटपणावरून कळते. ज्वालामुखीचा त्यात काही संबंध नाही.

उनकेश्वरचा किंवा कोकणातल्या वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर इथल्या झऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा, पण त्याच जातीचा. पावसाचे पाणी खडकातल्या भेगांतून खूप खोल जाते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने भरभर वर येते, म्हणून निवायला वेळ मिळत नाही. कोकणात असे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत एका लांबच लांब पट्ट्यात आहेत, कारण भेगाही त्याच दिशेने गेलेल्या आहेत. आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्वालामुखीचाच, यात शंका नाही. दख्खनच्या पठाराचे थर लाव्हाचे आहेत. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि निवाला. किल्लारीला भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट लागले आणि त्याखाली मुख्यतः जुना, कठीण पायाचा खडक. वितळलेला रस कुठे नव्हता.

मग जमिनीतल्या पाण्यावरून ज्वालामुखी ओळखता येतो, असे म्हणतात ते कुठे? ते बेटांवर, आणि तशा एका बेटाशी ओल्डहॅम यांच्या खात्याचा जवळचा संबंध आला.

१८८५ मध्ये रिचर्ड ओल्डहॅम यांची अंदमान बेटांच्या भूरचनेवरची टिपणे खात्याच्या नियतकालिकात आली. त्याच सुमारास त्यांचे सहकारी फ्रेडरिक मॅलेट हे अंदमानच्या पूर्वेकडच्या बॅरन बेटावर काम करत होते. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, सुमारे १४० किलोमीटरवर समुद्रातून वर आलेले हे निर्जन बेट म्हणजे भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो धगधगत होता, १८३२ च्या सुमारास तो शांत झाला. त्याच्या किनाऱ्याशी एक गरम झरा होता. सुरुवातीच्या प्रवाशांना त्याचे पाणी जवळजवळ उकळते वाटले होते. १८७३ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल यांनी तिथे थर्मामीटर बुडवला तेव्हा ते बरेच उतरलेले होते. १८८४ मध्ये मॅलेट गेले तेव्हा ते अंघोळीच्या कढत पाण्याइतके राहिले होते. एकट्या बॉलच्या किंवा एकट्या मॅलेटच्या आकड्याला काही अर्थ नव्हता. सगळ्यांचे आकडे मागे-पुढे ठेवल्यावर बेटाचा ताप उतरतो आहे, हे दिसले.

या निरीक्षणाची कारणमीमांसा आज नीट माहीत आहे. ज्वालामुखीच्या पोटातला वितळलेला खडक वर सरकू लागला की त्यातून वाफ आणि वायू सुटतात आणि भेगांतून वर येतात. वाटेत जमिनीतले पाणी असते, ते तापते. लाव्हा दिसण्याच्या कितीतरी आधी, काही वेळा आठवडे किंवा महिने आधी, विहिरी, झरे आणि ज्वालामुखीच्या मुखातले तळे यांच्या तापमानात फरक पडू शकतो. बेटावर हे तपासणे तुलनेने सोपे, कारण पाण्याचा साठा छोटा असतो आणि तो ज्वालामुखीला लागून असतो.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण फिलिपिन्सचे. मनिलाच्या दक्षिणेला ताल नावाचे मोठे सरोवर आहे, त्यात एक बेट आणि बेटावर ज्वालामुखी. १९११ मध्ये त्याने तेराशेहून अधिक माणसे मारली. १९६५ च्या जुलैत त्याच्या मुखातल्या तळ्याचे पाणी नेहमीच्या ३० अंशांवरून ४५ अंशांवर गेल्याचे तिथल्या निरीक्षकांनी मोजले. पाण्याची पातळीही वाढली होती. २८ सप्टेंबरच्या रात्री उद्रेक झाला. सुमारे दोनशे लोक गेले. आकडा हाती होता, त्यावरून गाव हलवायचे की नाही हे ठरवणारी व्यवस्था पुरेशी तयार नव्हती. आता तालच्या पाण्याचे तापमान, वायू आणि धक्के असे सगळे एकत्र पाहिले जाते. नुसत्या तापमानावर विसंबणेही धोक्याचे असते, कारण पाऊस, भरती-ओहोटी आणि झऱ्याची बदललेली वाट यांनीही आकडा हलतो. ताप हे लक्षण आहे, त्यावरून रोगाचे नाव ठरत नाही, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षांत शिकवतात ते इथेही लागू पडते.

बॅरन बेटाची गोष्टही पुढे संपली नाही. दीडशेहून अधिक वर्षे निपचित पडलेला तो ज्वालामुखी १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो आहे. बेट निर्जन असल्यामुळे जीवितहानी झाली नाही. १८८४ मध्ये मॅलेट यांना निवत चाललेला दिसला, तो खरोखर निवतच होता. त्यानंतर केव्हा तापू लागला, हे सांगणारा तक्ता कोणी ठेवलेला नव्हता.

रिचर्ड यांच्या आयुष्याकडे परत यायचे तर, १८८० च्या दशकात ते हिमालय, मणिपूर, अंदमान, राजस्थान, बलुचिस्तान असे हिंडत राहिले. १८९३ मध्ये भारताच्या भूविज्ञानावरच्या खात्याच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्यांनी जवळजवळ नव्याने लिहून काढली. आणि मग १२ जून १८९७ चा दिवस आला. संध्याकाळी पाचच्या सुमारास आसामात प्रचंड भूकंप झाला. शिलाँग जमीनदोस्त झाले. मृतांचा आकडा दीड हजारांच्या आसपास राहिला, तो भूकंप लोक घराबाहेर असण्याच्या वेळी आला म्हणून. तो रात्री आला असता तर काय झाले असते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायची गरज नाही.

या भूकंपाच्या चौकशीत वडिलांच्या यादीवर केलेल्या मेहनतीचा हात दिसतो. ओल्डहॅम यांनी सहकाऱ्यांना वेगवेगळ्या भागांत पाठवले, अधिकाऱ्यांकडून आणि सामान्य लोकांकडून माहिती मागवली आणि आलेला प्रत्येक तपशील तपासून घेतला. घड्याळ किती वाजता थांबले, थडग्यावरचा दगड कोणत्या दिशेला पडला, विहीर वाळूने भरली का, नदीचे पात्र वर आले का. घड्याळांचा प्रश्न विशेष किचकट होता. त्या काळी देशभर एक वेळ नव्हती, गावोगावी स्थानिक वेळ आणि रेल्वेची वेगळी, त्यामुळे भूकंप कुठे किती वाजता पोचला हे ठरवायला आधी घड्याळे एकमेकांशी जुळवून घ्यावी लागली. जमिनीत पुरलेले दगड खड्ड्यातून वर उडाले होते, म्हणजे जमिनीला बसलेला धक्का गुरुत्वाकर्षणालाही भारी पडला होता, हे त्यांनी दाखवून दिले. चेदरांग नदीजवळ जमीन फाटून एक बाजू तीसेक फूट वर उचलली गेली होती. १८९९ मध्ये छापलेला हा अहवाल भूकंपशास्त्रात आजही पायाभूत मानतात.

त्यातून पुढचा धागा सापडला. १८९७ च्या भूकंपाची थरथर युरोपातल्या उपकरणांवरही नोंदली गेली होती. त्या नोंदी तपासताना ओल्डहॅम यांना तीन वेगवेगळ्या लहरी स्पष्ट दिसल्या. एक सगळ्यात आधी येणारी, पुढे-मागे ढकलणारी. दुसरी तिच्यामागून येणारी, आडवी हलवणारी. तिसरी पृष्ठभागावरून रेंगाळत येणारी. तोवर हे फक्त गणितात होते. खऱ्या भूकंपाच्या नोंदीत त्यांना वेगळे ओळखणे ही मोठी गोष्ट होती.

१९०३ मध्ये भारतातली नोकरी सोडून ते इंग्लंडला परतले. आता खाते नव्हते, हाताखाली माणसे नव्हती. जगभरच्या वेधशाळांचे भूकंपाचे आलेख मात्र होते. १९०६ मध्ये त्यांनी दाखवले की, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, फार लांब पोचणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात. मधे कुठेतरी वेगळ्या जातीचा पदार्थ असल्याशिवाय हे घडणार नाही. डॉक्टर छातीवर बोटाने ठोकून पाहतात तेव्हा फुफ्फुसात हवा असेल तर एक नाद येतो आणि पाणी भरले असेल तर दुसरा. बरगडी न उघडता आतले कळते. ओल्डहॅम यांनी पृथ्वीची तपासणी अशीच केली, फक्त ठोकण्याचे काम भूकंपाने केले. पृथ्वीच्या मध्यभागी एक गाभा आहे आणि त्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार दशांश असावी, असा त्यांचा हिशेब होता. तो थोडा कमी भरला. १९१४ मध्ये बेनो गुटेनबर्ग यांनी गाभा सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो हे अधिक अचूक सांगितले, आणि आजही तो आकडा जवळजवळ तोच आहे. पण गाभा आहे, हे ओल्डहॅम यांचे निदान टिकले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्यांना १९०८ मध्ये लायल पदक दिले, १९११ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

इथे यादीच्या दुसऱ्या बाजूबद्दलही बोलायला हवे, कारण मराठवाड्याचा संबंध तिथे येतो. जुन्या नोंदींची कोणतीही यादी जिथे लिहिणारे होते तिथली जास्त असते. कलकत्ता, मुंबई, मद्रास, लष्करी छावण्या, चहाचे मळे इथे इंग्रज अधिकारी होते, रोजनिशा होत्या, वर्तमानपत्रे होती. निजामाच्या राज्यातल्या एखाद्या खेड्यात भिंतींना तडे गेले, आडाचे पाणी गढूळ झाले, तर ते कागदावर येण्याची शक्यता कमीच. किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाल्याची इतिहासात ठळक नोंद नव्हती, म्हणून तो भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात टाकलेला होता. १९९२ मध्ये धक्के बसू लागले, लोकांनी ते ओळखले, भ्यायले, तक्रारी केल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. बहुतेक जण झोपेत होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या थराचे जड माळवद, उन्हाळ्यात थंड राहणारे. तेच अंगावर आले. अशा ढिगाऱ्याखाली हाड मोडण्याइतकाच धोका गुदमरण्याचा असतो, आणि बाहेर काढलेल्यांपैकी ज्यांचे हातपाय तासन्‌तास दबलेले असतात त्यांची मूत्रपिंडे पुढच्या दोन दिवसांत बंद पडू शकतात. अशा रुग्णाला ढिगाऱ्यातच सलाइन सुरू करावे लागते, ही गोष्ट अशा भूकंपांनीच शिकवली.

२००२ मध्ये भूकंपाच्या नकाशातून सगळ्यात कमी धोक्याचे ते पहिले क्षेत्रच काढून टाकले गेले आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. पश्चिमेकडे कोयना-वारणा भागात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने खास विंधणविहिरी घेऊन त्यातल्या पाण्याची पातळी सतत मोजायला घेतली, भूकंपाच्या आधी आणि नंतर ती कशी हलते हे पाहायला. तिथेच गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल छिद्रही घेतले गेले. आपल्या गावांतल्या निरीक्षण विहिरींची पातळी राज्याची भूजल यंत्रणा वर्षातून चार वेळा मोजते. विहिरीवर जाऊन दोरी सोडणारा माणूस तिथे असतोच, त्याच वेळी थर्मामीटरही सोडला तर फार खर्च येत नाही. त्यावरून भूकंपाचे भाकीत करता येणार नाही. भूकंप केव्हा होईल हे आज जगात कोणीही सांगू शकत नाही, आणि तसे सांगणाऱ्या मोबाइलवरच्या संदेशावर विश्वास ठेवू नये. पण पुढच्या वेळी एखाद्या गावात पाणी गरम झाल्याची हाकाटी झाली, तर ते आधी किती होते, याचे उत्तर वहीत सापडेल आणि रात्र उघड्यावर काढायची की नाही, हे गावाला अफवेवर ठरवावे लागणार नाही.

ओल्डहॅम यांनी उतारवयातही जुन्या वह्या बंद केल्या नाहीत. १९२० ते १९२२ या काळात ते जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९२६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांचा कच्छच्या १८१९ च्या भूकंपावरचा अभ्यास भारतातल्या जुन्या खात्यानेच प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी स्वतःच्याच १८९७ च्या भूकंपावरच्या निष्कर्षांची पुन्हा तपासणी केली. सत्तावीस वर्षांपूर्वी नावाजल्या गेलेल्या आपल्याच अहवालाला असा हात लावणारे संशोधक फार भेटत नाहीत.

१५ जुलै १९३६ रोजी वेल्समधल्या लँड्रिंडॉड वेल्स इथे त्यांचे निधन झाले. हे गाव औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी, ओल्डहॅम यांच्याच पद्धतीने भूकंपाचे आलेख वाचून, गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे दाखवून दिले. भारतातल्या झऱ्यांची १८८२ ची यादी मात्र वडिलांच्याच नावावर राहिली. पुढे सर्वेक्षण खात्याने देशभरातले झरे पुन्हा मोजले, तेव्हा तुलनेसाठी जुने आकडे तिथूनच मिळाले.